एका सेंटची पारख

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याला एका सभासदाने आपल्या छंदाविषयी बोलावे, असा उपक्रम आपण क्लब हाऊसमध्ये राबवला. त्यातील एका भाषणाचे हे शब्दांकन. वक्ते 'बी' विंगमधील सभासद असून वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले आहेत. – संपादक मंडळ)



नोटीस बोर्डवर विषय लिहिलाय 'अमेरिकेतील दुर्मीळ नाणी'. तेव्हा आधी एक दुरुस्ती करतो. माझ्याकडे दुर्मीळ म्हणावं असं एकही नाणं नाही. मी शोधतो ती एक सेंटची अगदी साधी नाणी. करोडोंनी पाडलेली, रस्त्यात पडलेली दिसली तरी लोक वाकत नाहीत अशी. फक्त त्यातलं जे उत्तम छापलं गेलंय, ज्यावर ठसा स्वच्छ आणि पूर्ण उमटलाय आणि जे अजून झिजलेलं नाही, तेवढंच मी ठेवतो. दुर्मीळ वेगळं आणि उत्तम वेगळं. आज मला एवढंच सांगायचंय, बाकी सगळा तपशील आहे. पण तपशीलच गमतीचा आहे, तेव्हा तो ऐका.

मुलगी न्यू जर्सीला असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. आम्ही दोघं दर दोन-तीन वर्षांनी तिकडे जातो. तिकडे गेलेल्या आई-बाबांचे दिवस कसे जातात, ते इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. सकाळी सगळे कामाला, शाळेला. गाडी आपल्याला चालवता येत नाही. हिला स्वयंपाकघर असतं, मला काय? एकदा मुलीबरोबर बँकेत गेलो होतो. काउंटरवर नाण्यांचे कागदात गुंडाळलेले रोल दिसले. विचारलं तर म्हणाली, पन्नास पेनींचा एक रोल, किंमत पन्नास सेंट. खातं असेल तर कोणीही घ्यावा, वर काही पैसे नाहीत. मी चार रोल घेतले. दोन डॉलर. तिथून सुरुवात झाली.

पेनी हा बोलण्यातला शब्द, इंग्रजांकडून आलेला. सरकारी नाव 'एक सेंट'. आकार १९ मिलिमीटरच्या किंचित वर. छापेवर अब्राहम लिंकन. १९०९ साली लिंकनच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा हे चित्र आलं. शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर. मागची बाजू मात्र बदलत गेली. १९५८ पर्यंत गव्हाच्या दोन ओंब्या. १९५९ पासून २००८ पर्यंत वॉशिंग्टनमधलं लिंकन स्मारक. २००९ मध्ये, जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून, लिंकनच्या आयुष्यातले चार प्रसंग. आणि २०१० पासून ढाल. सालाखाली 'डी' असेल तर नाणं डेन्व्हरच्या टांकसाळीतलं, 'एस' असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचं, काहीच नसेल तर बहुतेक फिलाडेल्फियाचं. न्यू जर्सी फिलाडेल्फियाच्या शेजारी, म्हणून आमच्या रोलमध्ये बिनअक्षरी नाणीच जास्त. 'एस'वालं आलं की नात ओरडायची.

आता धातू. १९८२ च्या मध्यापर्यंत हे नाणं ९५ टक्के तांब्याचं होतं, वजन ३.११ ग्रॅम. तांबं महागलं म्हणून त्याच वर्षी जस्ताचं नाणं आणि वर तांब्याचा पातळ मुलामा, असं केलं. वजन आलं अडीच ग्रॅमवर. दिसायला सारखंच. टेबलावर टाकून ऐका, तांब्याचं खणखणतं, जस्ताचं बद्द वाजतं. मधे १९४३ साली, महायुद्धात तांबं दारूगोळ्याला हवं होतं म्हणून, जस्त चढवलेल्या पोलादाची पेनी काढली होती. ती चुंबकाला चिकटते.

लोक रोल कशासाठी तपासतात? बहुतेक जण जुन्या सालासाठी. ओंबीचं नाणं मिळालं की खूश. काही जण चुकीच्या छपाईसाठी. १९५५ आणि १९७२ ची काही नाणी अशी आहेत की त्यांवर साल आणि अक्षरं चक्क दुहेरी दिसतात, त्यांना चांगली किंमत येते. तेही मजेचं आहे. पण माझं सगळं आयुष्य प्रेस शॉपसाठी डाय बनवण्यात गेलं. माझी नजर तिकडे जाईना. मला दिसत होतं ते असं की, दोन नाणी एकाच सालाची, एकाच टांकसाळीची, पण एकीवर लिंकनची दाढी केस न् केस दिसतेय आणि दुसरीवर दाढीच्या जागी नुसता गोळा. हे असं का, ते सांगतो.

नाणं म्हणजे शेवटी प्रेसमधला जॉब. आधी गोल चकत्या कापायच्या, त्यांना ब्लँक म्हणतात. मग भट्टीत तापवून त्या नरम करायच्या. मग कडेला दाबून किंचित काठ उचलायचा. नंतर वरून एक डाय, खालून एक डाय आणि भोवती कॉलर. एका दणक्यात दोन्ही बाजू उमटतात. मिनिटाला सातशेच्या आसपास नाणी पडतात. फिलाडेल्फियाची टांकसाळ लोकांना फुकट पाहता येते. वरच्या गॅलरीतून खालचा प्रेसचा हॉल दिसतो. ही म्हणाली, "तुम्ही इथंही कारखानाच बघायला आलात!"

आता लक्ष द्या. नाण्यावर जो भाग सगळ्यात उंच, तो डायमध्ये सगळ्यात खोल. लिंकनच्या गालाचं हाड, जबडा, खांदा. दाब थोडा कमी पडला तर धातू त्या खळग्याच्या तळापर्यंत पोचतच नाही. मग तिथे काय राहतं? मूळ चकतीवरचे ओरखडे. दणक्यात ते चिरडून जायला हवे होते, पण दाब पोचला नाही म्हणून तसेच राहिले. शिवाय दोन्ही बाजूंना धातू लागतो एकाच चकतीतून. ओंबीच्या नाण्यात मागच्या 'वन'मधला 'ओ' पुष्कळदा पुसट दिसतो, कारण त्याच्या बरोबर पाठीमागे लिंकनचा खांदा येतो आणि धातू तिकडे भरायला जातो.

दुसरं कारण डायची झीज. नवी डाय लावली की पहिली नाणी कोरीव येतात. एक डाय लाखो नाणी पाडते. हळूहळू डायच्या पृष्ठावर धातूच्या वाहण्याच्या रेघा पडतात, अक्षरांच्या कडा गोल होतात, काठाकडे अक्षरं पसरट दिसतात. इथे कोणी कारखान्यात काम केलं असेल तर त्यांना 'फर्स्ट पीस' माहीत आहे. डाय सेट केली की पहिला पीस इन्स्पेक्शनकडे जातो, ओके झाला तरच लॉट चालू. मी रोलमध्ये शोधत होतो तो जवळपास फर्स्ट पीसच. आणि गंमत म्हणजे डायची मूळ प्रतही म्हातारी होते. साठच्या दशकात लिंकनचा चेहरा इतका मऊ झाला होता की १९६९ साली तो पुन्हा ठळक केला, डोकं किंचित लहान केलं. १९६८ चं आणि १९६९ चं नाणं शेजारी ठेवा, फरक कळतो.

म्हणून आमची पद्धत अशी. टेबलावर जाड कापड पसरायचं, कारण नाणं टेबलावर आपटलं की खूण पडते. एका बाजूनं प्रकाश देणारा दिवा. नाणं कडेनं धरायचं, तोंडावर बोट लावायचं नाही. आपल्या घामाचा ठसा तांब्यावर काही दिवसांनी तपकिरी होऊन कायमचा बसतो. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. नाणं दिव्याखाली हलकेच फिरवलं तर चांगल्या नाण्यावर प्रकाशाचे आरे फिरतात, बैलगाडीच्या चाकासारखे. आरे तुटले, तर तिथे झीज झाली किंवा घासलं गेलं. मग भिंग. माझं दहापट मोठं दाखवणारं आहे, पण पाच पटीचंही पुरतं.

भिंगाखाली तीन प्रश्न. पहिला, ठसा पूर्ण आहे का? स्मारकाच्या नाण्यावर पायऱ्या मोजता आल्या पाहिजेत. खांबांच्या मधोमध लिंकनचा बसलेला इवलासा पुतळा आहे. म्हणजे लिंकन या नाण्याच्या दोन्ही बाजूंना आहे. तो पुतळा ठसठशीत दिसला पाहिजे. खांद्याच्या कापलेल्या कडेवर ब्रेनरची तीन आद्याक्षरं असतात, ती वाचता आली पाहिजेत. दुसरा प्रश्न, मार किती? टांकसाळीतच नाणी एकमेकांवर पडतात, पोत्यातून जातात. जबड्यावर आणि लिंकनच्या समोरच्या मोकळ्या जागेत खड्डे आहेत का? मोजणीच्या यंत्राचं चाक घासलं की चेहऱ्यावर एक वळसा उमटतो. रोलच्या दोन टोकांची नाणी तर यंत्र कागद दुमडताना दाबते, त्यांच्यावर गोल खूण असते, ती बहुतेक बाद. तिसरा प्रश्न, रंग. नवं तांबं लालसर केशरी. ते आधी लाल-तपकिरी आणि मग पूर्ण तपकिरी होतं. जस्ताच्या नाण्यावर काळे ठिपके आणि मुलाम्याखाली फुगे येतात. एकदा मुलाम्याला चीर गेली की आतलं जस्त सडतं.

हे तिन्ही ओळखण्यात खरी पारख आहे. गालावर चपटेपणा दिसतोय, तो कमी दाबाचा की झिजेचा? झिजला असेल तर तिथला रंग बाजूपेक्षा निराळा, मंद असतो. दाब कमी पडला असेल तर चमक तीच राहते, पण चकतीचे जुने ओरखडे दिसतात. डॉक्टर जसे दोन सारख्या तापांतला फरक ओळखतात, तसं आहे हे. शंभर नाणी पाहिल्याशिवाय नजर बसत नाही.

रोलशिवाय बॉक्सही मिळतो. पन्नास रोल, म्हणजे २,५०० नाणी, पंचवीस डॉलर. आधी सांगून मागवावा लागतो. वजन सहा किलोच्या वर, उचलताना कंबर सांभाळावी. एका बॉक्समधून मी पहिल्या फेरीत चाळीसेक नाणी बाजूला काढतो. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पाहिली की दहा उरतात. भिंगाखाली दोन किंवा तीन. कधी एकही नाही. बाकीची सगळी परत. पण जिथून घेतली त्याच बँकेत परत केली तर तीच नाणी पुन्हा आपल्याकडे येतात आणि तिथल्या बाईंनाही त्रास. म्हणून घ्यायची एका बँकेतून आणि जमा करायची दुसरीकडे. सुपर मार्केटमधल्या नाणी मोजायच्या यंत्रात टाकाल तर ते कमिशन कापतं.

याला श्रेणीही आहे. विल्यम शेल्डन नावाच्या अभ्यासकानं १९४९ साली एक ते सत्तर अशी मोजपट्टी केली, तीही मुळात अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठीच. साठ ते सत्तर म्हणजे न वापरलेलं नाणं. पैसे घेऊन श्रेणी देणाऱ्या, नाणं प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करणाऱ्या कंपन्या १९८६-८७ पासून आल्या. पासष्टचं आणि सदुसष्टचं नाणं नवख्याला सारखंच दिसेल, पण एकेका आकड्यानं किंमत बदलते. इथे पैशांचा मोह येतो, म्हणून स्पष्ट सांगतो. अलीकडच्या सालांच्या बहुतेक नाण्यांना श्रेणी लावायची फी त्या नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त पडते. अगदी वरच्या एक-दोन पायऱ्यांवरच गणित बदलतं. धंदा म्हणून यात पडू नका. पण पन्नास सेंटचा रोल घ्यायचा, दोन तास बघायचं आणि शेवटी पन्नास सेंट जसेच्या तसे परत, असा दुसरा छंद मला माहीत नाही. एका नाटकाच्या तिकिटात माझी सगळी अमेरिका वारी होते.

आता नातीचं सांगतो. मी सुरू केलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. माझं इंग्रजी कारखान्यातलं, तिचं शाळेतलं. आम्हा दोघांच्या गप्पा 'जेवलीस का' आणि 'येस' एवढ्याच. नाणी आली आणि टेबलाला दोन खुर्च्या लागल्या. तिला जुनी हवी असायची. एकदा तिनं १९४४ चं ओंबीचं नाणं काढलं, झिजून गुळगुळीत झालेलं, आणि ठेवायचं म्हणाली. मी शेजारी १९८७ चं एक ठेवलं, लालबुंद, पायऱ्या मोजाव्यात असं. म्हटलं, बघ आणि सांग. बराच वेळ भिंग फिरवून म्हणाली, "आजोबा, हे जुनं आहे, पण हे चांगलं आहे." एका वाक्यात सगळा विषय आला. आणि वाक्य मराठीत होतं, हे हिनं स्वयंपाकघरातून ऐकलं. आम्ही दोन्ही ठेवली. पुढे 'ठसा', 'काठ', 'झीज', 'ओरखडा' हे शब्द तिनं या टेबलावरच उचलले. आता ती शाळेच्या वरच्या वर्गात आहे, वेळ कमी असतो. पण आम्ही गेलो की एक बॉक्स ठरलेला.

या सगळ्याला आता शेवट आहे, तोही सांगायला हवा. २००६ पासून एक पेनी पाडायला एक सेंटपेक्षा जास्त खर्च येतोय. त्याच वर्षी अमेरिकेनं ही नाणी वितळवायला बंदी घातली, कारण जुन्या नाण्यातलं तांबंच एक सेंटच्या वर गेलं होतं. २०२४ च्या आर्थिक वर्षात खर्च ३.६९ सेंटवर पोचला. २०२५ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी पेनी थांबवायला सांगितलं आणि १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पडली. १७९३ पासून चालत आलेलं नाणं. अजून ते कायदेशीर चलन आहे, अंदाजे ३०० अब्ज नाणी लोकांच्या डब्याबरण्यांत आहेत असं म्हणतात. पण दुकानदार आता रोखीचे हिशेब पाच सेंटच्या पटीत करू लागलेत. आपल्या मेंटेनन्सच्या बिलात पैसे राउंड ऑफ होतात तसंच. खजिनदार हसतायत, त्यांना कळलं.

प्रेस शॉपमध्ये फर्स्ट पीसइतकाच लास्ट पीस महत्त्वाचा असतो. लॉट संपला की शेवटचा पीस डायसोबत बांधून ठेवतात. डाय कुठे झिजली, पुढच्या वेळी काय दुरुस्त करायचं, ते त्यावरून कळतं. पेनीची शेवटची काही नाणी चलनात न सोडता लिलावासाठी राखली. बातमी आली त्या रात्री नातीचा फोनवर मेसेज आला, "आजोबा, लास्ट पीस." फरक इतकाच, की या लॉटनंतर पुढची वेळ नाही. आता नवी नाणी रोलमध्ये येणार नाहीत. जी चांगली आहेत, ती आहेत त्यातच शोधायची. आणि हाताळली जातील तशी तीही दरवर्षी कमी होतील. लाल तांबं तपकिरी होईल, जस्त सडेल. म्हणून माझ्या दृष्टीनं घाई आहे. पन्नास वर्षांनी कोणाला ही पेनी नवी असताना कशी दिसायची हे बघायचं असेल, तर ती कोणीतरी कडेनं धरून बाजूला ठेवलेली असायला हवी. झिजलेल्या नाण्यावरून ते कळणार नाही.

माझ्याकडे आज जवळपास १४० नाणी आहेत. दर्शनी किंमत एक डॉलर चाळीस सेंट. ही विचारते, एवढी वर्षं घालवून एवढंच? तर हो, एवढंच. पण प्रत्येक नाणं बघताना मला वाटतं की कुठल्या तरी टूलरूममध्ये कुणीतरी ती डाय नीट पॉलिश केली, कुणीतरी दाब नीट लावला. कवडीमोल वस्तूसाठी! कोणी बघणार नाही हे माहीत असून. आम्हीही असे पीस बनवले, जे गाडीच्या पोटात बसले आणि कोणाला कधी दिसले नाहीत. चांगलं काम कुठे दिसतं का, एवढंच मी शोधत होतो.

मुलांसाठी दोन गोष्टी सांगून थांबतो. यासाठी अमेरिकेला जायला नको. आपल्या खिशातलं नाणं काढा. सालाखाली बघा. हिरा असेल तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. आईला वाण्याकडून सुटे मिळाले की आधी तुम्ही बघा. चारही टांकसाळींचं एकेक, पण नुसतं मिळालं म्हणून नाही, त्यातलं सगळ्यात स्वच्छ ठसा असलेलं ठेवायचं. दुसरं चांगलं मिळालं की पहिलं खर्चून टाका.

आणि मोठ्यांसाठी. नाणी चिंच, पितांबरी लावून घासू नका. देवघरातली भांडी घासा. घासलेलं नाणं संपलं. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांनी हिरवा चिकट थर येतो. आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. औषधाच्या बाटलीतून निघतात त्याच पुड्या, टाकू नका.

पुढचे चार रविवार सकाळी दहा वाजता मी इथेच टेबल मांडून बसणार आहे. भिंगं तीन आहेत, दिवा आहे. आपापली नाणी घेऊन या. हात धुऊन या, एवढी एकच अट.